संघात परतलेल्या सेटरकडे पहिला पास जात नाही. मैदानावर काय करता येईल?

सर्व्हिसलाइन (प्रश्न)

मी महाविद्यालयात व्हॉलीबॉल शिकवतो. मुलींच्या संघातली सेटर (पहिला पास घेऊन फटका मारणारीला चेंडू उचलून देणारी खेळाडू) गेल्या सत्रात बराच काळ मैदानावर नव्हती. तीव्र नैराश्य होतं, काही दिवस रुग्णालयातही राहावं लागलं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं. आता ती परत आली आहे. औषधं चालू आहेत आणि डॉक्टरांनी खेळायला पूर्ण परवानगी दिली आहे. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

तिचा हात तसाच आहे. बॅकसेट (पाठीमागे चेंडू उचलून देणं) आजही संघात तिच्याइतका कुणालाच जमत नाही. पण रिसीव्ह करणाऱ्या मुली पहिला पास तिच्याकडे द्यायच्या ऐवजी जवळच्या दुसऱ्या कुणाकडे ढकलतात. मुद्दाम करतात असं मला वाटत नाही. क्षणभर तिच्याकडे बघतात आणि हात दुसरीकडे वळतात. तिचा सेट चुकला तर कुणी ओरडत नाही, बाकी सगळ्यांवर ओरडतात. टाइमआउटला ती जवळ आली की बोलणं थांबतं. स्पर्धेसाठी बाहेरगावी जायचंय, तर तिच्या खोलीत राहायला कुणी नाव देत नाही. एका पालकांनी तर मला फोन करून सांगितलं, "आमच्या मुलीला तिच्या खोलीत ठेवू नका. काही झालं म्हणजे?"

वरिष्ठांचं म्हणणं असं, की 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे, तर सगळ्या विद्यार्थ्यांची एक दौड ठेवू. टी-शर्ट, शपथ, एखाद्या नावाजलेल्या खेळाडूचं भाषण. जमलं तर आपल्या सेटरनेही दोन शब्द बोलावेत. हेतू चांगलाच आहे आणि मी विरोध केलेला नाही. पण त्या दौडीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पास कुठे जाईल, हा विचार डोक्यातून जात नाही.

विद्यार्थ्यांच्या मनातली ही भीती खेळातून कमी होते का? होत असेल तर नेमकं काय केल्याने होते? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

---

ओंजळ (विद्यार्थी समुपदेशक)

होते, पण नुसत्या दौडीने होईल असं मला वाटत नाही. दौडीत हजार मुलं एकाच रस्त्याने पळतात, आणि ज्याच्याशी कधी बोलले नाहीत त्याच्याशी पळून झाल्यावरही बोलत नाहीत.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली मांडलेला विचार इथे अजूनही उपयोगी पडतो. दोन गटांतला दुरावा नुसतं एकत्र आणून कमी होत नाही. दोघांचा दर्जा बरोबरीचा लागतो, ध्येय एक लागतं, ते गाठायला एकमेकांची गरज लागते, आणि वरच्या माणसांनी 'हे आम्हाला हवंय' असं वागण्यातून दाखवावं लागतं. व्हॉलीबॉलमध्ये ध्येय आणि गरज खेळाच्या नियमांतच आहेत. तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे गेला पाहिजे आणि एकाच खेळाडूला सलग दोनदा मारता येत नाही, म्हणजे दुसरीवर अवलंबून राहिल्याशिवाय खेळच होत नाही. बरोबरीचा दर्जा आणि वरिष्ठांची साथ मात्र आपोआप येत नाहीत. तुमच्या संघाचं घोडं तिथंच अडलंय.

सेटरवर कुणी ओरडत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते मला फार महत्त्वाचं वाटलं. ती काळजी असेलही, पण त्यात 'तू आमच्यासारखी राहिली नाहीस' असं सांगणंही आहे. चुकीचा सेट हा चुकीचाच सेट. तिला तसं सांगणारे पहिले तुम्ही व्हा, इतरांना ज्या आवाजात सांगता त्याच आवाजात.

पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 14 देशांतले 72 अभ्यास एकत्र करून पाहिले. मोठ्या माणसांच्या बाबतीत आजारातून गेलेल्या व्यक्तीशी प्रत्यक्ष भेट सर्वांत प्रभावी ठरली, किशोरवयीन मुलांच्या बाबतीत माहिती आणि शिक्षण जास्त परिणामकारक निघालं. चित्रफीत दाखवण्यापेक्षा समोरासमोरची भेट सरस. तुमच्या मुली या दोन वयांच्या सीमेवर आहेत, त्यामुळे दोन्ही करा. सरावाआधीची पंधरा-वीस मिनिटं, काही आठवडे. एकच मोठं भाषण नको.

काय सांगायचं यातही एक खाचखळगा आहे. 'हा मेंदूतल्या रसायनांचा आजार आहे, तिचा दोष नाही' असं सांगितलं की दोष देणं कमी होतं. पण अशा निव्वळ जैविक स्पष्टीकरणाने 'मग ही कधी बरी व्हायचीच नाही' आणि 'हिचा भरवसा नाही' या समजुती वाढू शकतात, असं अभ्यासांतून दिसलंय. म्हणून उपचारांनी माणसं सावरतात आणि कामाला, खेळायला परत लागतात, हे त्याच श्वासात सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 10 ते 19 वयोगटात दर सात जणांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. तुमच्या संघातली आणखी एखादी मुलगी गप्प राहून हे सगळं बघत असण्याची शक्यता बरीच आहे.

आणि एक कळकळीची विनंती. तिला त्या दिवशी मंचावर बोलायला लावू नका, 'तुझी इच्छा असेल तर' असं म्हणूनही नाही. नुकतंच संघात परत घेतलेल्या मुलीला प्रशिक्षकाने असं विचारल्यावर 'नाही' म्हणणं सोपं नसतं.

---

पोझिशन_दोन

मी दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या संघाची कर्णधार आहे. सर, मुलींच्या बाजूने एक सांगते. बऱ्याचदा आम्हाला तिची भीती वाटत नसते, आपण काहीतरी चुकीचं बोलू याची वाटते. बरी आहेस का विचारावं, की विचारूच नये? हसलं तर चालेल का? मग सगळ्याच गप्प बसतात.

आमच्याकडे एक मुलगी अशीच परतली तेव्हा मी तिला फक्त सरावाची वेळ कळवली आणि विचारलं, "वॉर्मअपला माझ्याबरोबर येतेस?" आजाराचा विषय नंतर तिनेच काढला, बूट बांधताना. मी काही सल्ला वगैरे दिला नाही. मला वाटतं कर्णधाराला हे एवढं आधी कुणीतरी सांगून ठेवायला हवं.

---

शेवटची_फेरी

मी धावपटू होते, 800 आणि 1500 मीटर. मला बायपोलर (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार) आहे आणि त्यावरचं लिथियम हे औषध चालू आहे. त्यामुळे तुमच्या सेटरच्या जागेवरून लिहिते.

पहिल्यांदा आजारी पडले तेव्हा आमच्या प्रशिक्षकांनी माझं नाव यादीतून काढलं. अगदी मायेने काढलं. "तू आधी बरी हो, खेळाचं नंतर बघू." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण त्या यादीबरोबर माझी सकाळ गेली, मैत्रिणी गेल्या, दिवसाला असलेला आकार गेला. आणि संघातल्या प्रत्येकीने त्यातून एक गोष्ट शिकली: मनाचं काही दुखत असेल तर सांगायचं नाही, सांगितलं की जागा जाते. त्याच मोसमात एकीचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) फाटला होता. ती रोज मैदानावर यायची, बाकावर बसायची, फिजिओ तिला हळूहळू चालवायचे, मग जॉगिंग, मग अर्ध्या वेगाने पळणं. 'ती कधी परत येणार' याची सगळ्यांना उत्सुकता होती. माझ्याबद्दल तसं कुणी विचारायचं नाही.

पुढे दुसऱ्या प्रशिक्षकांकडे गेले, तेव्हा पुन्हा एकदा आजार उलटला. यांनी मला हातात स्टॉपवॉच दिलं. "पळायचं नाही, पण रोज यायचं. सगळ्यांच्या फेऱ्यांच्या वेळा तू लिहायच्या." मी वेळा लिहायचे, मुली येऊन विचारायच्या, "दुसरी फेरी कशी गेली?" मी सांगायचे. बोलणं आधी त्या वेळांवरून सुरू झालं. आजारावर आलं ते पुष्कळ नंतर, आणि तोवर मी त्यांना परकी राहिले नव्हते. परत पळायला लागले तेही पायरीपायरीने: आधी फक्त सराव, मग एक छोटी शर्यत, मग रिले. संघातली निवड पळण्याच्या वेळेवरून झाली, दयेवर झाली नाही. एकदा वेळ कमी पडली म्हणून वगळलंही, आणि त्याचा मला आनंद झाला होता हे आजही आठवतं.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. हातापायाच्या दुखापतीला तुमच्याकडे जी वागणूक मिळते, तीच मनाच्या आजाराला मिळू द्या आणि ती सगळ्यांना दिसू द्या. भाषणांनी मत बदलेल की नाही कोण जाणे, पण 'सांगितलं तरी जागा जात नाही' हे मुलींनी डोळ्यांनी पाहिलं की त्या आपोआप सांगायला लागतील.

काही व्यवहाराच्या गोष्टी, ज्या आम्हाला कुणी सांगितल्या नव्हत्या. औषधांमुळे सकाळी गुंगी असू शकते, म्हणजे पहाटेच्या सरावाला उशीर झाला तर तो आळस समजू नका, वेळ बदलता येते का बघा. काही औषधांनी वजन वाढतं. त्यावर मैदानात एक शब्द येऊ देऊ नका. लिथियम घेणाऱ्यांनी उन्हात जास्त घाम गाळला आणि शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं, तर रक्तात औषधाचं प्रमाण वाढू शकतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही वाढतं. प्रथमोपचाराच्या पेटीतून "घे, दुखायचं थांबेल" म्हणून जी गोळी सहज पुढे केली जाते, ती माझ्यासाठी धोक्याची होती. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणालाच गोळी द्यायची नाही, हा नियम सगळ्या संघाला लावा, म्हणजे एकटीला कारण सांगत बसावं लागत नाही. आणि मुलींमध्ये अशी एक अफवा असते की नैराश्याची औषधं डोपिंगमध्ये पकडली जातात. फ्लुओक्सेटिनसारखी नेहमीची औषधं वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत नाहीत. एडीएचडीसाठीचं (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारासाठीचं) मिथिलफेनिडेट मात्र स्पर्धेच्या काळात बंदीत येतं आणि त्यासाठी उपचारासाठीची सूट आधी मागावी लागते. हे एकदा स्पष्ट सांगून टाका. या अफवेपायी औषध परस्पर बंद करणाऱ्या मुली मी पाहिल्यात.

खोलीचं म्हणाल तर, रात्री माझी झोप उडू लागली की तो माझ्यासाठी इशारा असतो. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला मी एवढंच सांगून ठेवायचे: मध्यरात्रीनंतर मी जागीच दिसले तर सकाळी मॅडमना सांग. तिला रखवाली करायची नव्हती, माझ्यासाठी जागायचंही नव्हतं. काय करायचं ते ठरलेलं असलं की तिलाही धीर असायचा.

---

रेघेबाहेर

वरचं सगळं पटतं. पण खेळाचं मैदान हे मुळात मोकळं, निरोगी ठिकाण आहे असं धरून आपण बोलतोय, ते मला मान्य नाही. हा दुरावा पुष्कळदा मैदानच तयार करतं. 'मनाने कणखर हो', 'रडायचं नाही', 'दबाव सहन होत नसेल तर घरी बस' ही भाषा कुठली आहे?

रॉबर्ट एंके आठवा. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक, हॅनोव्हर 96 कडून खेळायचा. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये त्याने आत्महत्या केली. दुसऱ्या दिवशी त्याच्या पत्नीने पत्रकारांसमोर सांगितलं, की तो अनेक वर्षं नैराश्यावर उपचार घेत होता आणि ही गोष्ट बाहेर पडू नये म्हणून धडपडत होता. फुटबॉल जाईल आणि दत्तक घेतलेली मुलगीही आपल्याकडून काढून घेतली जाईल, अशी त्याला भीती होती. इतक्या वरच्या पातळीवरच्या, इतक्या लोकांच्या आवडत्या खेळाडूला जर सांगायची ही किंमत वाटत होती, तर अठरा वर्षांच्या मुलीचं काय?

टेनिसपटू नाओमी ओसाकाने 2021 च्या फ्रेंच ओपनमध्ये पत्रकार परिषद टाळली, कारण तिला ती मानसिकदृष्ट्या झेपत नव्हती. तिला 15,000 डॉलर दंड झाला, पुढे स्पर्धेतून बाहेर काढण्याचा इशाराही मिळाला. शेवटी तिने स्वतःच माघार घेतली आणि 2018 पासून नैराश्याशी झगडतेय असं जाहीर केलं. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून पहिल्या व्हॉल्टनंतर बाहेर पडली. हवेत असताना शरीराचा अंदाजच येईना, अशा स्थितीत उडी मारणं जिवावर बेतलं असतं. तिला भित्री म्हणणारे कमी नव्हते. पण ती मैदान सोडून गेली नाही, ट्रॅकसूट घालून सहकाऱ्यांना ओरडून प्रोत्साहन देत राहिली, काही दिवसांनी बीमवर कांस्यपदक घेतलं आणि 2024 मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदकं जिंकली. शेवटची_फेरी यांच्या स्टॉपवॉचची गोष्ट वाचताना मला हीच आठवली.

फक्त एक काळजी घ्या. ही उदाहरणं सांगताना 'आजारावर मात करून पदक' असा सूर लागला की पदक न मिळालेल्या मुलीला आपण हरलोय असं वाटतं. तसंच 'खेळ, म्हणजे नैराश्य पळून जाईल' हेही नको. व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी होतात याला चांगला आधार आहे, पण तो उपचारांच्या जोडीला असतो. तुमची सेटर तर आजारी पडली तेव्हा रोज सराव करतच होती ना?

आणि ज्यांना खेळाची धास्ती आहे, ज्यांना संघ पाडताना नेहमी शेवटी घेतलं जातं, त्या मुलांचाही विचार करा. सगळ्यांसाठी काही करणार असाल तर दौडीऐवजी चिठ्ठ्या टाकून पाडलेले मिश्र संघ ठेवा, तेच संघ निदान महिनाभर राहू द्या, आणि गुण लिहिणं, पंचगिरी, वॉर्मअप घेणं ही कामंही खेळाइतकीच मोजा.

---

सर्व्हिसलाइन

सगळ्यांचे मनापासून आभार. बाइल्सचं उदाहरण मी भाषणातच वापरणार होतो, आता जरा वेगळ्या तऱ्हेने वापरीन. आणि हो, आमची सेटर आजारी पडण्याच्या आदल्या दिवशीही सरावाला होती.

सेटरला मंचावर बोलवायचं नाही हे वरिष्ठांशी बोलून ठरवलं. दौड होईल, पण दौडीसाठी ठेवलेल्या पैशांतला काही भाग महिनाभराच्या मिश्र संघांसाठी मिळतोय. उद्यापासून सरावात एक ड्रिल घेतोय, ज्यात पहिला पास सेटरकडे गेला नाही तर रॅली धरायचीच नाही, आणि सेटर आळीपाळीने सगळ्या जणी होतील, म्हणजे तिच्याकडे बोट जाणार नाही.

एक नियम लिहायला घेतलाय, संघाच्या नियमावलीत घालण्यासाठी. मसुदा असा:

"दुखापत शारीरिक असो किंवा आजार मानसिक, उपचारांच्या काळात खेळाडूचं नाव संघाच्या यादीत राहील. खेळाडूची इच्छा असेल तर सराव, बैठका आणि प्रवासात तिचा सहभाग राहील व तिला झेपेल असं काम दिलं जाईल. परत खेळायला कधी लागायचं हे खेळाडू आणि तिचे डॉक्टर ठरवतील. सामन्यातली निवड फक्त खेळावर होईल. यासाठी डॉक्टरांचं निदानासह प्रमाणपत्र प्रशिक्षकांकडे जमा करावं. प्रवासातल्या खोल्या चिठ्ठ्या टाकून ठरतील."

त्रुटी सांगा. आणि त्या पालकांना काय उत्तर देऊ? त्यांचा परत फोन आला होता.

---

शेवटची_फेरी

'निदानासह' हा शब्द काढा सर. माझ्या पहिल्या प्रमाणपत्रावर आजाराचं नाव होतं आणि ते कार्यालयातल्या तीन टेबलांवरून फिरलं. खेळायला हरकत आहे की नाही, काही पथ्य आहे का, एवढंच प्रमाणपत्रावर पुरे. ते कुणाकडे राहील तेही नियमात लिहा.

चिठ्ठ्यांचं ठीक आहे, पण सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आधी तिला एकटीला विचारा, कुणाबरोबर राहायला सोपं जाईल. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या मुलीला आपण खालच्या मजल्यावरची खोली देतोच ना.

---

ओंजळ

पालकांना तिच्या आजाराबद्दल काही सांगू नका, 'आता बरी आहे हो' असंही नाही. ती माहिती तिची आहे. त्यांना सांगा, की खोल्या कशा ठरतात त्याचा नियम सगळ्यांना सारखा आहे, रात्री कुणालाही काही लागलं तर मदतीला एक शिक्षिका ठरलेल्या खोलीत असतील, आणि कुठल्याही विद्यार्थिनीवर दुसरीची जबाबदारी टाकलेली नाही. त्यांची भीती बहुधा या शेवटच्या गोष्टीची आहे. 'मानसिक आजार असलेली माणसं हिंसक असतात' असं काही ते बोलले, तर शांतपणे सांगा की बहुतेक जण तसे नसतात, उलट त्यांनाच इतरांकडून त्रास होण्याची शक्यता जास्त असते.

मोसमाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलींकडून नाव न लिहिता चार प्रश्न भरून घ्या. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीबरोबर एका घरात राहाल का, एकत्र काम कराल का, शेजारी राहाल का, मैत्री टिकवाल का, असे प्रश्न 2011 मध्ये तयार झालेल्या एका प्रश्नावलीत आहेत. तुम्ही घराच्या जागी खोली आणि कामाच्या जागी संघ लिहा. त्याच्या जोडीला एखाद्या खेळाडूला बाकावर बसवून सामन्यांतले पहिले पास मोजायला सांगा, सगळ्याच सेटरांचे. आकडे हलले नाहीत तर इथे परत या, पुढचं बघू.